सोलच्या आई, बसा ना

डोळ्यांपुढे आणा... गजबजलेलं, अनोळखी शहर. बोचरा वारा. दोन्ही हातांत पिशव्या, पाठीशी कापडी झोळीत बांधलेलं बाळ, आणि भर बाजारात त्या झोळीची गाठ सुटते. काय कराल?

कोरियातल्या बुसान शहराच्या मासळीबाजारात बोरामचं असंच झालं. पिशव्या टाकून तिनं हात मागे नेले आणि बाळाला कसंबसं धरलं. सुकी मासळी विकणारी आजी समोरून करवादली, "अगं, लेकराच्या पायात मोजे कुठायत? आणि तू रे, बाप ना तिचा? बघत काय उभा राहिलास? बांध की."

आजीनं थट्टेनं ठरवलेला हा 'बाप' म्हणजे शेजारच्या गाडीवर रश्श्यात माशाच्या वड्या उकळणारा ग्योंगहून. त्यानं मुकाट्यानं हात पुसले, बाळाला सावरलं, पट्टे आवळले. गाठ मारताना त्याची बोटं क्षणभर थबकली... आणि तो चटकन मागे सरला.

"आजींना तुम्ही नाही म्हणाला नाहीत," बोराम हळूच म्हणाली.

"त्यांच्याशी वाद घालून इथं कोण जिंकलंय?"

बोरामची ताई या शहरात नर्स होती आणि तिची लेक सोल गावी आजीजवळ वाढत होती. दर शनिवारी बोराम सोलला आईच्या भेटीला आणायची. आता येता-जाता पाय त्या गाडीकडे वळू लागले.

"सोलच्या आई, बसा ना."

"मालक, आज मीठ जास्त झालंय."

"कसला मालक, पातेलंसुद्धा आईचं आहे. आणि मीठ तेवढंच आहे. तुम्ही येताच खोड काढायला."

"मग येऊ नको?"

त्याची नजर तिच्यावर यायची आणि लगेच पातेल्याकडे वळायची. "रस्सा निवतोय," एवढंच तो म्हणायचा.

पाठीशी बाळ असलं की बाईचं नाव कुणी विचारत नाही. त्यानंही विचारलं नव्हतं. 'मी आई नाही, मावशी आहे.' सांगायचं होतं ते इतकंच. पण मुलांनो, ते वाक्य दिसतं तेवढं सोपं नव्हतं. ते म्हणायचं म्हणजे माझं लग्न झालेलं नाही, असं म्हणायचं. आणि ते त्याला सांगायचं म्हणजे... इथवर आली की बोराम रश्श्यावर फुंकर घालत बसायची.

मग ताईला घर मिळालं. आज सोलला पोचवायचं, ते कायमचं. पुन्हा इथं यायला निमित्त उरणार नव्हतं.

झोळी सैल झाली होती. ती नीट बांधण्यासाठी ग्योंगहूननं सोलला उचलून बोरामसमोर धरलं. "पुढच्या शनिवारी रश्श्यात मुळा जास्त घालतो," तो म्हणाला. "सोलच्या बाबांनाही आणा कधीतरी."

"ते ताईबरोबर येतील," बोराम म्हणाली. "मी... मी मावशी आहे तिची."

"मावशी?"

"सख्खी."

"इतके दिवस बोलला नाहीत –"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"गाढवा," पलीकडून आजी म्हणाली, "आता तरी नाव विचार."

"नाव...?"

"बोराम."

त्यानं ते हलकेच उच्चारलं, रश्श्याची चव घ्यावी तसं. "बोराम... पुढच्या शनिवारी एकट्याच याल?"

"मोज्यांवरून बोलणी न खाता? येईन की."

तेवढ्यात सोलला शिंक आली. आपल्याच शिंकेनं ती दचकली, ओठ वाकडे झाले. रडावं की हसावं? तिनं आधी बोरामचं तोंड नीट पाहिलं, मग मान वळवून ग्योंगहूनचं पाहिलं, आणि हसायचं ठरवलं.