चौथ्या मजल्यावरचं दार

अमोल, आधी तो मोबाइल खिशात टाक. मिनल, तू जिन्याच्या बाजूला नको, इकडे ये. आणि मध्येच "काका, खरंच का?" असं कुणी विचारायचं नाही. आपल्या बी विंगमधली सरूबाई तुम्हाला ठाऊक आहे. तिने माझ्याच रिक्षात बसून सांगितलेली गोष्ट आहे ही. तिला भांडायची सवय आहे, खोटं बोलायची नाही.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावस्या. संध्याकाळी सहाला सरूबाई धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत स्वतःची उशी घालून खाली उतरली. भाईंदर पश्चिमेला खाडीकडे एक नवीन हॉटेल झालंय, तिथे तिला सोडायचं होतं. बुटिक हॉटेल. आपल्याला बुटिक म्हणजे ब्लाउज शिवायचं दुकान माहीत. पण इथे म्हणे प्रत्येक खोलीची सजावट वेगळी असते आणि जुन्या लाकडाला सोन्याचा भाव असतो. तिची नात दिव्या तिथे रिसेप्शनवर आहे. स्टाफला वर्षातून एक रात्र फुकट मिळते. बाकीच्या पोरी ती मैत्रिणींवर उडवतात, हिने आजीला बोलावलं. तारीख मात्र सरूबाईने ठरवली.

बोलावण्याचं कारण असं, की चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर, सरूबाईच्या नवघर गावातल्या घराचं दार लावलेलं होतं.

घर बिल्डरने पाडलं त्याला बारा वर्षं होत आली. दार भंगारात गेलं, दहा हातांतून फिरलं आणि शेवटी शोभेची वस्तू म्हणून या हॉटेलवाल्यांनी घेतलं. कडीच्या वर कंदिलाने पोळल्याचा काळा डाग होता, त्यावरून दिव्याने ओळखलं. डिझायनरला दाराची आतली बाजू जास्त आवडली, म्हणून कडी खोलीकडे ठेवून त्याने ते चार बोल्टांनी भिंतीत आवळलं होतं. दारामागे भिंत. भिंतीमागे काहीच नाही. चार मजले खाली तिवरांची झाडी आणि त्यापलीकडे मिठागरं.

दिव्या आजीला काचेचं न्हाणीघर दाखवत होती, बटण दाबल्यावर सरकणारे पडदे दाखवत होती. सरूबाईचं लक्ष दाराकडे.

"कडी आपल्या बाजूला हाय," ती म्हणाली. "म्हंजे आपुन घरात. मंग बाहेर कोन?"

"बाहेर कोणी नाही गं आजी. बाहेर हवा आहे."

सरूबाई दोनच घास जेवली. मग खाली जमिनीवर, दाराला पाठ टेकून बसली आणि आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने नातीला सांगितली.

तिचा नवरा राघो मिठागरावर कामाला होता. उधाणाच्या रात्री भरतीचं पाणी आत घ्यायला जायचा आणि पाण्याच्या वाटेवरची फळी बंद करून दोन तासांनी परतायचा. घर पाडलं त्याच्या आदल्या साली, अशाच मार्गशीर्षातल्या अवसेला, कामावर जायच्या आधी त्याच्या धाकट्या भावाने, सदूने, त्याला पाजली आणि घर द्यायच्या बिल्डरच्या कागदावर सही करून घेतली. सरूबाईला हे कळलं. ती संतापली. राघो रात्री परत आला तेव्हा आतून कडी. त्याने तीनदा ठोठावलं. खोकला. "सरू, उघड," म्हणाला. ही आतून ओरडली, "सही मागं घेऊन ये, मंग उघडीन!" तो थोडा वेळ उभा राहिला आणि पुन्हा मिठागराकडे गेला. सकाळी बांधाला टेकून बसलेला सापडला. हृदय बंद पडलं होतं. अंग गार झालेलं.

"मी कडी काढली असती तर..." सरूबाई म्हणाली. दिव्याने दिवा मालवला.

बाराच्या सुमाराला भरती पुरी चढली. खाली तिवरांत पाणी शिरल्याचा आवाज येत होता. दिव्याला डोळा लागला. सरूबाई जागीच.

दोन वाजून दहा मिनिटं.

ठक. ठक. ठक.

दिव्या ताडकन उठून बसली. "एसी असेल," ती म्हणाली. एसी बंद होता.

दाराच्या पलीकडे कोणीतरी खोकलं.

दिव्याने खाली फोन लावला. फोनमध्ये नुसता पाण्याचा आवाज.

"सरू..."

...

"उघड."

दिव्याने आजीचा हात गच्च धरला. "आजी, नको. तूच सांगतेस ना, रात्री कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही!"

"परक्याच्या हाकेला. मालकाच्या न्हाय."

"ते तुला न्यायला आलेत गं..."

"नेऊन बघ म्हनावं!" सरूबाई उभी राहिली. "मना हलवायला लय जनं आली. सदू आला, बिल्डर आला, ते पिवलं मशीन आलं. मी हाय न् माजं दार हाय. सोड हात."

"आजी, मागे भिंत आहे!"

"आसंल."

ती दारासमोर गेली. आत अंधार. बाहेर... बाहेर कोणीतरी श्वास घेत होतं.

"ऐक," सरूबाई दाराला म्हणाली. "सही तू केलीस. मी केली न्हाय, आन् मरेस्तोवर करनार न्हाय. पन ती आता मागं घेऊ नको. र्‍हाऊ दे. कडी मी घातली व्हती, मीच काढते."

कडीला हात लावला. बर्फासारखी गार.

ओढली.

दिव्याने डोळे मिटले. तिला एवढंच आठवतं... लाकूड कुरकुरलं. खारट वारा तोंडावर आला. मिठागराचा, चिखलाचा वास. मग पावलं. ओली. सावकाश. एक... दोन... तिच्या अगदी जवळून गेली. पलंगाची कड दबली.

दिव्याने डोळे उघडले नाहीत.

बऱ्याच वेळाने सरूबाईचा आवाज आला. तिच्या तोंडून इतका हळू आवाज दिव्याने कधी ऐकला नव्हता.

"जेवलास?"

...

उत्तर आलं की नाही, ते सरूबाईने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी सातला तिला आणायला गेलो तर वर गडबड चालू होती. मॅनेजर अभिनव, कोट घातलेला कोवळा पोरगा, दार तपासत होता. चारही बोल्ट घट्ट होते. फटीतून टॉर्च मारला तर मागे सिमेंटची भिंत. आणि त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर अनवाणी पावलांचे ठसे होते. पाणी सुकून मीठ वर आलं होतं, पांढरं, बोटं मोजता येतील असं.

"आजी, हे तुम्ही केलंत?" अभिनवने विचारलं. "गेस्ट येणार आहेत अकराला. आम्ही दोनदा पुसलं. फिरून फिरून वर येतंय!"

"माज्या पायाएवढे दिसतात का रं तुला?" सरूबाईने उशी पिशवीत कोंबली. "आन् ह्या खोलीत पावना ठेवायचा आसंल तर आधी त्याला इचार. घर त्याचं हाय."

ती ताठ मानेने बाहेर पडली. दिव्या रडत होती, ही नाही. मी मागे रेंगाळलो. कोणाचं लक्ष नाही असं पाहून खाली वाकलो आणि तो पायांचा माग डोळ्यांनी नीट काढला. दारापाशी सुरू होत होता, पलंगापाशी संपत होता. सगळी पावलं आत येणारी.

बाहेर जाणारं एकही नव्हतं.