तीन शतांशांची चूक

जनावरांचा डॉक्टर खरं तर शेजारच्या वेल्डरकडे आला होता. वेल्डरच्या दाराला कुलूप, म्हणून त्याने हातातलं ओझं लेथवर लोखंडी भाग कातून देणाऱ्या लेथवालीच्या टेबलावर ठेवलं. तेही तिने नुकत्याच पुसलेल्या टेबलावर!

ओझं म्हणजे त्याच्या चारचाकी बाइकच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला डॉक्टर विसरला, पिस्टन आतल्या आत जाम झाला, आणि गेले आठ दिवस डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत तो पायी जात होता.

"नवा पिस्टन आणलाय," खिशातून डबी काढत तो म्हणाला. "बसवून द्याल?"

"सिलिंडर मोजला होतात?"

"गाडीचं मॉडेल सांगितलं, मग दुकानदारानं..."

"मॉडेल!" लेथवालीने कपाळावर हात मारला. सिलिंडरच्या आत गेज फिरवून तिने माप घेतलं. "हा आधी एकदा मोठा करून झालाय. आता ओरखडे पडलेत, म्हणजे आणखी मोठा करावा लागणार. आणि तुम्ही आणलाय मूळ मापाचा पिस्टन! खुळखुळ्यासारखा वाजेल यात. अर्धा मिलिमीटर मोठा आणा."

डॉक्टर हसला. ज्याचं इंजिन बसलंय त्याने इतकं गोड हसू नये, असं तिला उगाचच वाटलं.

पाचव्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी डबीतला पिस्टन चांगलाच चकचकीत होता.

"शर्यतीतले लोक हाच घेतात म्हणे."

"तुम्ही काय गाईंशी शर्यत लावता?"

दारातल्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या बाबांना हसता हसता ठसका लागला.

"अहो, माप बरोबर आहे, पण हा घडीव पिस्टन आहे," ती वैतागून म्हणाली. "तापला की जास्त फुगतो, म्हणून भोवती जागा जास्त सोडावी लागते. थंडीत गाडी आधी गरम करत बसा, मग निघा. एखादी गाय अडली तर थांबेल ती तोवर? साधा ओतीव आणा!"

तो हळूच म्हणाला, "तुम्ही माझ्या गाईंचा विचार केलात... दुकानदारानं नव्हता केला."

तिने पिस्टन डबीत कोंबून डबी त्याच्या हातात दिली; डबीतला मापांचा कागद टेबलावरच राहिला. का कोण जाणे, तिला रागच आला.

तिसऱ्या खेपेला मात्र पिस्टन अगदी बरोबर आला. तिने सिलिंडर यंत्रावर चढवला. डॉक्टर स्टुलावर बसून सांगत होता — एका वासराने त्याच्या शर्टाची बाही कशी चघळली, ती सोडवताना तो शेणात कसा बसला... ती हसली. चांगली खळखळून हसली. मग कुठून तरी फोन आला आणि तो बॅग उचलून पळाला.

तो गेल्यावर तिने शेवटचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि "अरे देवा!" म्हणून ओरडलीच.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"तीन शतांश मिलिमीटर जागा जास्त सुटली! तो चकचकीत पिस्टन परत गेला, पण त्याचा कागद राहिला होता इथे. मी त्याच्यावरून माप धरलं."

"तुझ्या हातून? आजवर कधी झालं नाही ते."

"तो बोलत होता ना, बाबा!"

"तो तर आधीही बोलायचा."

"तेव्हा मी ऐकत नव्हते!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. बाबा छताकडे बघत राहिले.

तसंच बसवून दिलं असतं तर डॉक्टरला कळलंही नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर चढून गेली. तो एका गोठ्याबाहेर बादलीत हात धूत होता.

"चूक माझी आहे," ती धापा टाकत म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"तीन शतांश? अहो, केसाच्या निम्म्याइतकंसुद्धा नाही!"

"इंजिनाला केस कळतो!"

"मग तो शर्यतीचा पिस्टन आता बसेल की."

"बसेल! आणि अडलेल्या गाईला काय सांगाल?" तिचा आवाज चढला. "आता पिस्टनचं याहून मोठं असं एकच, शेवटचं माप उरलंय. त्यापुढे सिलिंडरची भिंतच पुरत नाही. पिस्टन मी आणते, काम मी परत करते. फक्त... त्या दिवशी तुम्ही यायचं नाही."

"का?"

"काम बिघडतं माझं."

"माझ्यामुळे?"

"नाही, माझ्या लेथमुळे!"

तो उभा राहिला. "खरं सांगू? गाडी दुरुस्त झाली की तुमच्याकडे यायला कारण काय काढायचं, याच काळजीत होतो. तुम्ही चुकलात हे ऐकून... बरं वाटलं."

"बरं वाटलं! इथे माझी झोप उडाली, दीड तास चढून आले, आणि यांना बरं वाटलं! माणसाकडे यायला कारण कशाला लागतं? गाईंशी तासन् तास बोलता, माणसांशी सरळ बोलता येत नाही?"

"येतं की," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. फार आवडता."

गोठ्यात कुठलीशी गाय हंबरली. लेथवालीचे कान तापले.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?" ती चिडूनच म्हणाली.

त्याने हात पुढे केला.

"ओला आहे अजून," ती पुटपुटली, आणि तो धरला. मग शेवटच्या मापाचा पिस्टन आणायला दोघं तसेच उतार उतरू लागले.