भागुजींची राजदूत

घोडेगावात भागुजी भालेरावांच्या अंगणात दोन मोटरसायकली उभ्या असायच्या. एक त्यांची स्वतःची, जुनी काळी राजदूत. दुसरी त्यांच्या मुलाची, कपिलची, नवीकोरी स्प्लेंडर. कपिल पेठला प्राथमिक शाळेत शिक्षक होता आणि रोज तिच्यावरूनच जायचा-यायचा.

भागुजी आरोग्य खात्यात होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात विखुरलेल्या वाड्यांवर जाऊन लसी टोचायच्या, तापकऱ्यांची रक्तं तपासायला आणायची, गोळ्या वाटायच्या, हे त्यांचं काम. पण खातं सांगेल तेवढंच काम, असं त्यांनी कधी मानलं नाही. रस्ता संपला की गाडी ढकलायची. ढकलवेना झाली की झाडाखाली लावून पायी निघायचं. अडलेली बाई असो, सापाचं पान लागलेला गडी असो, तापानं फणफणलेलं पोर असो, राजदूतच्या मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात आणायचं. डोंगरातली माणसं त्यांना डागदर म्हणत. "आरं, मी डॉक्टर न्हाई," असं ते दर वेळी सांगत. माणसं मान हलवत आणि पुन्हा डागदरच म्हणत.

२००४च्या उन्हाळ्यात भागुजी गेले. झोपेतच गेले. अंत्यविधीला डोंगरातून इतकी माणसं उतरली, की कपिलला आपल्या बापाची खरी ओळख त्या दिवशी पटली. त्यातली निम्मी माणसं राजदूतपाशी जाऊन सीटवर हात ठेवून परत येत होती.

तेव्हापासून राजदूत अंगणात तशीच उभी. दोन गाड्यांनी अंगण भरून जायचं.

"अहो, पाय ठेवायला जागा नाही," कपिलची बायको अमृता एक दिवस म्हणाली. "ती गाडी तुम्ही चालवतही नाही आणि कुणाला देतही नाही. नुसती राखण करायची ती किती दिवस?"

तिचं खोटं नव्हतं. शेवटी कपिलनं आळेफाट्याच्या सावळेरामला निरोप धाडला. सावळेरामचं तिथं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांवर त्याचा फार जीव. "रविवारी येतो, गुरुजी," तो म्हणाला. "भागुजी भाऊंची गाडी म्हनल्यावर मी सोताच वापरनार."

शनिवारी शाळा सकाळची. कपिल दुपारी घरी आला, तर आई, जानकाबाई, ओट्यावर पिशवी घेऊन बसलेली.

"इकायची तर इक बाबा," ती म्हणाली. "पन उद्या तो मानूस यायच्या आत एकदा उंबरवाडीला जाऊन ये. लंकाबाईच्या गुडघ्याच्या गोळ्या हायेत ह्या. तुझा बाप श्रावनात ही फेरी कदी चुकवायचा न्हाई."

"जातो की. स्प्लेंडर आहेच बाहेर."

"राजदूतच ने," जानकाबाई म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "चालू हाय का बंद पडली, ते बी कळंल."

राजदूत सहजासहजी चालू झाली नाही. कीक मारून मारून कपिल घामाघूम झाला. भागुजी, त्याचे दादा, एका कीकमध्ये चालू करायचे. शेवटी ती फटफटली, सायलेन्सरमधून निळसर धूर सुटला आणि त्या जळक्या ऑइलच्या वासानं कपिलला एकदम वाटलं, दादा आत्ता दारातून बाहेर येतील.

शिनोली मागं पडली. डिंभ्याचं धरण भरलेलं होतं. घाट सुरू झाला तसा पाऊस थांबला, पण धुकं उतरलं. डोंगरातलं श्रावणातलं धुकं ज्यानं पाहिलंय त्यालाच त्याची जात ठाऊक. आधी दरी गेली, मग रस्त्याकडेची झाडं गेली, मग रस्ताच गेला. दुपार टळायची होती, तरी कपिलनं दिवा लावला. दिव्याचा पिवळा गोळा धुक्यातच अडकून राहिला. ओल्या मातीचा, कारवीचा वास येत होता. इंजिनाच्या फटफटीशिवाय कसलाही आवाज नव्हता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

एका वळणावर मोठं हिरड्याचं झाड होतं. तिथं गाडी हळू झाली. कपिलनं मूठ पिळली, तरी ती हळूच होत गेली, आणि बरोबर झाडाखाली बंद पडली.

त्यानं कीक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

झाडावरून पाणी ठिबकत होतं. टप… टप… मग तेही थांबलं.

आणि मागची स्प्रिंग करकरली.

सीट खाली दबली. कुणीतरी बसलं होतं. एका बाजूनं, लुगडं सावरून बायका बसतात तसं. मागं बघावं असं त्याला वाटलं, पण मान वळेना. पाठीला गारवा लागला, ओलं कापड टेकल्यासारखा. ओल्या घोंगडीचा वास आला, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, जरा आंबट, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"चला, डागदर…"

आवाज इतका हळू होता, की ऐकला की नुसता भास झाला, हे कपिलला कधीच ठरवता आलं नाही.

त्यानं कीकवर नुसता पाय ठेवला होता. दाबलीही नव्हती. गाडी चालू झाली.

कपिलच्या घरात भुताखेताला थारा नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि 'जे दिसत नाही त्याला भ्यायचं नाही' ही बापाची शिकवण. ते सगळं त्यानं मनात आठवून पाहिलं. पण पाठीवरची ओल खरी होती. चढावर गाडीला जाणवणारं ओझं खरं होतं. भीतीनं त्याचे दात वाजायला लागले, आणि ते थांबावेत म्हणून तो मोठ्यानं बोलायला लागला. काय बोलावं हे सुचेना, म्हणून त्यानं पाढे म्हटले. मग वर्गातल्या पोरांची नावं घेतली. मग अमृताचं, आईचं, घरच्या शेळीचं, जे तोंडाला येईल ते सांगत सुटला.

मागचं ओझं जरा पुढं झुकलं. ऐकायला झुकावं तसं.

उंबरवाडी आली तेव्हा त्याचा घसा बसला होता. लंकाबाईचं घर वाडीच्या कडेला, कुडाचं. ती म्हातारी दारातच उभी होती. उंबऱ्याशी तिनं पाट मांडला होता आणि शेजारी वाफाळत्या पाण्याचा तांब्या. कपिलनं गाडी थांबवली. मागची स्प्रिंग करकरली आणि सीट वर आली.

लंकाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या मागं बघत होती.

"आली का गं माझी बाय?" ती म्हणाली.

मग तिनं वाकून पाटावर सावकाश पाणी ओतलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. कुणाचे पाय धुवावेत तसं.

कपिल तिथंच खाली बसला. म्हातारीनं त्याला आत नेलं, चुलीपुढं बसवलं, कोरा चहा दिला. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग सांगू लागली.

"अंजना माझी लेक. पयलंच बाळातपन. मूल आडवं आलं व्हतं. आसाच पाऊस. डोली करायला गडी न्हाईत, सगळी लावनीला. तुझा बाप आला, तिला मागं बशिवली, धोतरानं सोताच्या कमरंशी बांदली आन निगाला. हिरड्याच्या वळनावर तिनं परान सोडला."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"मेलेलं मानूस कोन गाडीवर घेतं रं? जीपवाला दिसला तर त्यो बी पळाला. तुझ्या बापानं गाडी माघारी वळीवली. तशीच पाठीला बांदलेली घिऊन घाट चढला. आन सगळ्या वाटंनं तिच्याशी बोलत व्हता. म्या इचारलं, डागदर, मेल्याली बोलती का? तर म्हनला, लंकाबाई, ती घाबरली व्हती. घरी पोचंपातूर एकटं वाटू नये तिला."

कपिलनं चहा खाली ठेवला. आपला बाप घरी कधी चार शब्द जास्त बोलला नाही, आणि इथं…

"तवापास्नं दर श्रावनात येती. त्योच आनायचा," लंकाबाई म्हणाली. "सांच्यापारी ती आपली आपून जाती. औंदा म्या रोज पानी तापवून ठेवीत व्हते. म्हनलं, डागदर तर गेला… आता हिला कोन आनील?"

कपिलनं गोळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीच्या, की बापाच्या, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

परत येताना गाडी हलकी होती. धुकं विरलं होतं.

जानकाबाई ओट्यावर वाट बघत होती. त्यानं काही सांगायच्या आत तिनं त्याला पाठमोरा केला. रेनकोटाच्या आत सदरा पुढून कोरडा होता आणि पाठीकडून चिंब.

"त्यो बी मला कदी बोलला न्हाई," ती म्हणाली. "पन दर साली आसाच यायचा. जा, सदरा बदल."

त्या रात्री त्यानं अमृताला सगळं सांगितलं. "मग ती गाडी आपल्याला विकता यायची नाही," शेवटी ती म्हणाली. "दुसरी द्या. जागा तेवढीच मोकळी होईल."

रविवारी सावळेराम आला तेव्हा कपिलनं त्याच्या हातात स्प्लेंडरची किल्ली ठेवली. सावळेराम हिरमुसला, पण गाडी घेऊन गेला. सोमवारपासून कपिल राजदूतवर बसून पेठला जाऊ लागला. तालुक्यातली माणसं आवाजावरून वळून बघत आणि हात जोडत. त्या नमस्कारातला आपला वाटा किती आणि बापाचा किती, हे कपिलला ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला अभिमान वाटायचा.

दसरा झाल्यावर एक दिवस दुपारी, शाळा भरलेली असताना, फाटकाशी सावळेराम उभा दिसला. शेजारी स्प्लेंडर. त्याचा चेहरा उतरलेला होता. कपिल पोरांना गणितं घालून बाहेर गेला.

"गुरुजी, गाडी माघारी आनलीया," सावळेराम दबक्या आवाजात म्हणाला. "रागावू नगा. गाडीत खोट न्हाई… पन मागं कोनतरी बसतं."

कपिलनं स्प्लेंडरच्या मागच्या सीटकडे पाहिलं.

"पयल्या दिवसापास्नं बसतंय. वजनदार मानूस हाय. जोरात हानली की खांद्यावर हात ठेवतं, आन म्हनतं…" सावळेरामनं शाळेकडे पाहिलं. "म्हनतं, 'कपिल, हळू.'"

कपिलनं फाटकाचा गज धरला. म्हणजे उन्हाळ्यापासून, रोज, जाताना आणि येताना… आपल्याला कधी जाणवलं कसं नाही? उभ्या हयातीत डोंगरातल्या माणसांपायी दादांना पोराची शाळा बघायला यायला सवड झाली नव्हती. आणि सवड झाली तेव्हा आपण गाडीच विकून टाकली.

"आत्ता?" त्यानं विचारलं. "आत्ता आहेत?"

"न्हाई," सावळेराम म्हणाला. "हितं फाटकापाशी उतरलं. आत गेलं."

पटांगण रिकामं होतं. उन्हात धूळसुद्धा हलत नव्हती. कपिलच्या ध्यानात आलं, की इतका वेळ चाललेला त्याच्या वर्गातला गलबला थांबला आहे. तो धावतच वऱ्हांडा चढला आणि दारात थबकला.

सगळा वर्ग उभा होता. पाहुणे आले की उभं राहायचं, असं त्यानंच शिकवलं होतं. पोरं हात जोडून, अगदी सरळ उभी होती, आणि एकाचीही नजर दाराकडे नव्हती. सगळी त्याच्या खुर्चीकडे बघत होती.

पहिल्या रांगेतल्या समृद्धीनं मान न वळवता हळूच विचारलं, "गुरुजी, ते म्हनत्यात बसा. बसू का आमी?"