छताचे व्हिडिओ

आधीच सांगून ठेवतो, मी घाबरट माणूस आहे. झुरळ दिसलं की मी खुर्चीवर चढतो आणि तिथून बायकोला हाक मारतो. तेव्हा ही गोष्ट मी हसत हसत सांगतोय याचं श्रेय माझ्या धाडसाला देऊ नका. ते आईचं आहे. दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवतो. बाजारात जिन्याखाली माझं दुकान आहे. दुकान कसलं, मशीन, कापण्याचं टेबल आणि उरलेल्या जागेत तुकड्यांची पोती; न मावलेली घरी माळ्यावर. बोटभर कापडही माझ्या हातून टाकवत नाही, कधीतरी लागेल म्हणून. हाच स्वभाव फोनमध्येही उतरला होता. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांचे फोटो होते, त्यातल्या काही खिडक्या पाडून तिथे भिंती झाल्या होत्या. कोणी कोणी रोज सकाळी पाठवलेली फुलं होती. एकाच उशीचे एकाच कोनातून काढलेले डझनभर फोटो होते. फोन रोज रडत होता की जागा संपली, आणि मी रोज त्याला दटावून खिशात घालत होतो.

पण त्या दिवशी दटावून भागणार नव्हतं. संध्याकाळी आमच्या भिंगरीचं शाळेत गाणं होतं. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, तिसरीत आहे, एका जागी बसलेली कोणी पाहिलेली नाही. माझी बायको इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि नेमकी तिची त्या रात्रीची ड्यूटी काही केल्या बदलली नाही. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. तेव्हा भिंगरी कविता म्हणत असताना मध्येच माझा फोन भरला आणि पुढचं काही आलंच नाही. बायकोनं ती अर्धी कविता चार वेळा पाहिली आणि फोन उलटा ठेवून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

या वेळी तिनं सकाळीच दम भरला. "गाणं पूर्ण पाहिजे. शेवटच्या ओळीपर्यंत. नाहीतर वॉर्डातली सगळी पोरं तुमच्याकडे पाठवून देईन, बसा सांभाळत."

आणि गाणं तरी कोणाचं? माझ्या आईचं. भांडी घासताना तिनं स्वतःच जोडलेलं. पातेल्यावर रुसून पळालेल्या झाकणाचं गाणं. झाकण गावभर फिरतं, कुठेच बसत नाही आणि शेवटी घरी येतं. आईनं ते भिंगरीला ओट्यापाशी उभं करून शिकवलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ते गाणं आता जगात फक्त एका पोरीच्या तोंडात उरलं होतं. मला ते फोनमध्ये हवं होतं. कसंही करून हवं होतं.

जेवून झाल्यावर फोन घेऊन समोरच्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्यानं आत डोकावून कपाळाला हात लावला.

"मास्तर, हा फोन नाही, माळा आहे. सगळं कॉम्प्युटरवर उतरवून देतो."

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि नेमकी वीज गेली. सगळ्या बाजाराची गेली. वर आभाळ भरून आलं होतं, भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला.

"आता जे नको ते स्वतःच पुसा," तो म्हणाला. "तुम्हाला ते जमणार नाही, पण पुसा."

दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि बसलो. कापडाचा दमट वास आणि मशीनच्या तेलाचा वास, बाकी काही नाही. बाहेरचा गलबलाही कमी झाला होता. मन घट्ट करून खिडक्या पुसल्या, फुलं पुसली, उशा पुसल्या. पुसलेलं जिथे जाऊन पडतं ती टोपलीही रिकामी केली. तरी जागेची पट्टी लालच. मग सगळ्यात जास्त जागा कोण अडवून बसलंय ते पाहिलं.

आई बसली होती.

नीट सांगतो. आईला निरोप पाठवायचा असला की ती फोन ओट्यावर उताणा ठेवायची, बटण दाबायची आणि बोलायची. बटण आवाजाचं नसून व्हिडिओचं आहे हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "येताना दूध आण," एवढंच सांगायचं असे. ते सांगून झालं की ती फोन बंद करायला विसरून कामाला लागे. त्यामुळे तिच्या प्रत्येक व्हिडिओत दिसायचं ते आमच्या स्वयंपाकघराचं छत, पंख्याचं एक पातं आणि कोपऱ्यातला ओलीचा डाग. बाजूला भांड्यांचा आवाज, नळ, तिचं गुणगुणणं. शेवटी कधीतरी तिची हनुवटी वरून यायची, "अगं बाई, हे चालूच आहे," आणि ओलं बोट पडद्यावर पडून सगळं बंद. असे कितीतरी. छत, छत आणि छत.

ते मी कधीच पुसले नव्हते. का, ते तुम्हाला सांगायला नको.

पहिला लावला. एकदा ऐकून मग पुसावा म्हणून. येताना दूध आण. भांडी. नळ. हनुवटी. अगं बाई, हे चालूच आहे. हा मला तोंडपाठ होता. मी पुसायला बोट उचललं, पण व्हिडिओ संपलाच नाही. छत तसंच राहिलं. नळ बंद झाला. आणि त्या शांततेत आई हळूच म्हणाली, "पुसायला बसलास ना? मग बघत काय बसलास…"

माझ्या हातून फोन टेबलावर पडला. शटरखालून येणारी उजेडाची फट तेवढी दिसत होती. फोनमध्ये पंख्याचं पातं सावकाश फिरत होतं.

"आई…" मी म्हणालो. "तू…"

"काढ तो आधी."

मी काढला. आईनं काढ म्हटल्यावर न काढायची माझी कधी हिंमत झाली होती? माझी आई म्हणजे माझ्या बरोबर उलट. घरात वस्तू साठलेली तिला खपत नसे. माझी पोती ती मी झोपल्यावर उपसायची. माणसाला जागा हवी, सामान नको, हे तिचं ठरलेलं वाक्य.

दुसरा लावला.

"हाही काढ. यात काय आहे? बटाटे आण म्हटलंय. आणलेस, खाल्लेस, झालं…"

तिसऱ्यात तर तिनं निरोपही पूर्ण होऊ दिला नाही. "काढ." चौथ्यात नुसतंच चुकचुकली. आणि काय सांगू, पाचव्या-सहाव्यापर्यंत माझी भीती कुठे गेली ते कळलंच नाही. दुकानात भांड्यांच्या साबणाचा वास भरला होता. मी एक एक लावत होतो, ती एक एक मोडीत काढत होती, आणि मी एकटा अंधारात बसून हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळं. इतकं छान मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

एक व्हिडिओ लावला आणि ती गप्प झाली. तेच छत, पण बाजूला भिंगरीचा आवाज. झाकणाचं गाणं शिकत होती. दुसऱ्या कडव्यात अडखळत होती, आई ओळ पुढे ढकलत होती. तो संपेपर्यंत आई काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हा ठेव."

"आणि बाकीचे, आई?"

"बाकीच्यात नुसतं छतच आहे रे. छत काय… घरी जाऊन बघशील."

त्यानंतर लावलेल्या एकाही व्हिडिओत ती बोलली नाही. मी ते पुसले. पट्टी हिरवी झाली, वीज आली आणि समोरून मोबाईलवाला ओरडला, "मास्तर, जमलं का?" जमलं म्हणालो. साबणाचा वास पार गेला होता.

संध्याकाळी आम्ही बापलेक घराला कुलूप लावून शाळेत गेलो. मी पहिल्या रांगेत, फोन दोन्ही हातांत धरून. भिंगरी गायली. दुसऱ्या कडव्यापाशी आली आणि थांबली. माझा जीव टांगणीला. तिनं मान वर करून छताकडे पाहिलं, हसली आणि ओळ उचलली. झाकण पातेल्यावर येऊन बसेपर्यंत सगळं गाणं फोनमध्ये आलं, वर टाळ्याही आल्या. माझा जीव भांड्यात पडला. घरी आलो, दार उघडलं आणि भिंगरी नेहमीच्या सवयीनं आत ओरडली, "आजी, मी विसरले नाही!" ही सवय तिला आम्ही कधी मोडायला लावली नव्हती. घर अंधारात होतं. कोणी उत्तर दिलं नाही. आम्ही दिवा लावला आणि जेवलो.

सकाळी बायको ड्यूटीवरून आली. चपला काढायच्या आधी तिनं फोन मागितला. खिडकीतून ऊन येत होतं, चहा उकळत होता आणि ती गाणं बघत रडत होती, हसत होती, पुन्हा लावत होती. भिंगरी तिच्या मांडीवर बसून स्वतःचंच कौतुक करत होती.

"अहो," बायको म्हणाली, "त्याच्याखाली हा कसला आहे?"

गाण्याच्या खाली आणखी एक व्हिडिओ होता. वेळ बरोबर गाण्याचीच. म्हणजे माझा फोन शाळेत, माझ्या हातात, भिंगरीसमोर होता तेव्हाची. आणि चित्रात आमच्या स्वयंपाकघराचं छत होतं. पंख्याचं पातं, ओलीचा डाग. अंधारात जेमतेम दिसत होतं. बाजूला कोणीतरी पुसत होतं, आवरत होतं, डबे सरकवत होतं. दुसऱ्या कडव्याएवढा वेळ गेल्यावर हात थांबला आणि झाकणाची ती अडलेली ओळ कोणीतरी हळूच म्हटली.

आम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसलो. व्हिडिओ चालूच राहिला. बराच वेळ नुसतं आवरणं. मग कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. माझं खोकणं ऐकू आलं, आणि भिंगरीचा आवाज, "आजी, मी विसरले नाही!"

"ऐकलं गं, ऐकलं…" फोनच्या अगदी जवळून आई म्हणाली. "आणि जाताना दिवा लावून जात जा. अंधारात किती आवरायचं माणसानं?"

मग ओलं बोट आलं आणि व्हिडिओ संपला.

चहा उतू गेला. शेवटी भिंगरी म्हणाली, "मी सांगत होते ना, आजीला ऐकू जातं." बायको उठली आणि तिनं माळा उघडला. आतली माझी तुकड्यांची पोती नीट बांधून माळ्याच्या दाराशी ओढून ठेवलेली होती, टाकून द्यायला. त्यातलं एकही मी परत आत ढकललं नाही. माझी काय बिशाद?

आता आम्ही बाहेर पडताना स्वयंपाकघरातला दिवा लावूनच जातो. परत येताना गल्लीच्या तोंडाशी आलो की आमची खिडकी उजळलेली दिसते. भिंगरी तिकडे बघून हात हलवते. जिना चढून दार उघडेपर्यंत दिवा बंद झालेला असतो. काम झालं की दिवा बंद, ही आईची जुनी शिस्त. बटण मात्र रोज ओलं लागतं.