बन्सीचा गिअरबॉक्स

अकोल्यात डिझेलच्या गाडीचं दुखणं ओळखावं ते गिदोन मिस्त्रीनंच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. सगळ्या गिअरमध्ये रडणारी गाडी टॉपला गप्प झाली, तर खालच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं. गिअर टाकताना करकरली, तर क्लच सुटत नाही. उतारावर गिअर आपणहून बाहेर उडाला, तर त्याला धरून ठेवणारा फोर्क झिजला. गिअरबॉक्सलाही खोटं बोलायला शिकवता येतं, हे मात्र तो कोणाला सांगत नसे.

बाहत्तरचं साल होतं. दुष्काळी कामांवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, पोचवायचं काम छगनरावांच्या ट्रककडे होतं. त्यांचा ड्रायव्हर बन्सी एकदा गॅरेजात येऊन हटून बसला.

"तिसरा उडतोय उतारावर. आवाजबी लई करतोय. दुरुस्त झाल्याबिगर मी घाटात नेनार न्हाई."

नवा फोर्क नाशिकहून यायला आठ दिवस लागणार होते. छगनरावांना कुठला आलाय दम! त्यांनी गिदोनला बाजूला घेतलं. गिदोननं गिअरबॉक्सच्या तेलात मूठभर लाकडाचा भुसा टाकला. झिजल्या दातांत भुसा बसला आणि आवाज बंद झाला. बन्सीनं सपाट रस्त्यावर चक्कर मारली, मिस्त्रीच्या हाताला यश आहे म्हणाला आणि घाटाला लागला. संध्याकाळी ट्रक दरीत सापडला.

"पेला हुता," छगनरावांनी पंचनाम्यात सांगितलं. गिदोननं मान डोलावली. बन्सीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. उभ्या जन्मात त्यानं थेंब घेतला नव्हता.

पंधरा दिवसांनी तोच गिअरबॉक्स छगनरावांनी गॅरेजात आणून टाकला. "ह्यो दुसऱ्या गाडीला चढव. परवा कृपादान घेऊन जाईल."

गिदोननं हातातला पाना खाली ठेवला. कृपादान त्याचा एकुलता एक पोरगा. लायसन कालपरवाचं.

"फोर्क गेलाय ह्येचा. बदलू द्या..."

"बदल की!" छगनराव हसले. "मग लोक इचारतील, ह्यो कवापासून झिजलाय? आधी कुनी बगितला हुता?"

त्या दुपारी गिदोननं भुसा धुऊन काढला. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून तडतडत होते. सवयीनं त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली.

बाकावर ठेवलेला, इंजिनाशिवायचा गिअरबॉक्स आत फिरत होता.

भरल्या गाडीचा उतारावर येतो तसा जड घुमारा. खट... तिसरा बसला. खट... उडाला. पुन्हा बसला, पुन्हा उडाला. कोणीतरी सगळा जीव एकवटून तो आत दाबत होतं. जळक्या ब्रेकचा वास शेडभर पसरला. मग एकदम सगळं थांबलं, आणि कानाच्या अगदी आत कोणी हळूच म्हणालं, "मिस्त्री... आवाज बंद झाला न्हवं?"

गिदोन घरी पळाला. "तू जाऊ नगंस," त्यानं पोराला सांगितलं.

"का?"

एक वाक्य बोलायचं होतं. दोनदा ते ओठांवर आलं, दोनदा त्यानं गिळलं. चारचौघांत खाली जाणारी मान त्याला दिसत होती.

"गिअरबॉक्स बरा न्हाई का, आबा?"

"बरा हाय," गिदोन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तोच गिअरबॉक्स चढवलेला ट्रक घेऊन कृपादान गेला. गिदोन दिवसभर नाक्यावर उभा राहिला. पाण्याचा घोट घेतला नाही, येशूचं नाव तेवढं घेत राहिला. दिवस मावळताना ट्रक आला. पोरगा जिवंत! गिदोन रडत रडत मिठी मारायला धावला. कृपादान बाजूला सरकला.

"रडू नगा. तिसरा एकदाबी उडला न्हाई. घाटभर माज्या हातावर हात दाबून गिअर धरला हुता की."

"कुनी?"

"तुमी. शेजारच्या सीटवर बसला हुता. समदं सांगितलंत. भुशाचं, बन्सीकाकाचं. आनि फोर्क झिजलेला ठावं असून मला धाडलंत, त्येबी."

"पोरा, त्यो मी न्हवतो रं..."

"ठावं हाय," कृपादान शांतपणे म्हणाला. "तुमी असता तर बोलला नसता."

त्यानंतर तो घरी जेवला नाही, ट्रकमध्येच झोपला. सकाळी गिदोन हात जोडून गाडीपुढं उभा राहिला. मीच छगनरावांचं नाव घेतो, मीच चौकीवर जातो, असं काहीबाही बडबडत होता. कृपादाननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि अदबीनं जरा बाजूला झाला.

"चढा, आबा."

रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली. कृपादाननं दार लावलं, वळसा घालून स्टेअरिंगवर बसला आणि विचारलं, "निघू या?"

"चल, पोरा," आतून उत्तर आलं. आवाज गिदोनचाच होता.