पोपटमामांची चमकी पट्टी

"बंद कर ती शिटी. परवापासनं चव्वेचाळीस बिबटे आले, आन् एकाचं शेपूटबी न्हाई दिसलं," गेणबाआबा वैतागून म्हणाले.

जास्मिनचा चेहरा उतरला. कवठे येमाई गावात आबांच्या मेंढरांच्या जाळीपाशी तिनं स्वतः बनवलेलं छोटं रडार बसवलं होतं. उसाच्या बाजूनं काही मोठं हललं की शिटी वाजायची. शाळेच्या प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर आला होता, पेपरात फोटोही छापून आला होता.

त्या फोटोपासूनच तिच्या मैत्रिणीच्या, मोनिकाच्या पोटात दुखत होतं. आबा तिचे सख्खे आजोबा आणि कौतुक मात्र दिवसभर जास्मिनचं! खरं तर शिटी का वाजते ते तिला परवाच कळलं होतं. जास्मिननंच दिलेल्या पुस्तकात होतं की शत्रूच्या रडारला फसवायला विमानं चमकत्या पट्ट्यांचा ढग सोडतात, मग खरं विमान त्यात सापडत नाही. आणि परवाच शेजारच्या पोपटमामांनी पाखरं हाकलायला उन्हाळी बाजरीवर चमकी पट्टी ताणली होती, ऐन रडारसमोर; वाऱ्यानं ती फडफडली की रडारला काही मोठं हलल्यासारखं वाटत होतं. पण मोनिका गप्प बसली. होऊ दे एकदाची हिची फजिती, असंच तिला वाटत होतं.

"ओढ्यात ठसे दिसल्यात," आबा म्हणाले. "आजपासनं मीच झोपतो मेंढरांपाशी."

उघड्यावर? मोनिका चटकन पुढं झाली.

"थांबा आबा, रडार बिघडलेलं न्हाई. मामांच्या पट्टीनं फसतंय ते."

"माझ्या पट्टीला नावं ठेवू नको," बाजेवर बसलेले पोपटमामा म्हणाले आणि चहाला घरी गेले.

तेवढ्यात दोघींनी पट्टी गुंडाळून ठेवली. शिटी बंद झाली. मामा परत आले, शेताकडे न बघताच बाजेवर टेकले. "बघा, पट्टी हाय तरी गप हाय की."

बाजरीआड बसलेल्या मोनिकानं हातभर पट्टी हलवली. शिटी किंचाळली, तसे मामा चपला टाकून बाजेवर उभेच राहिले. मोनिका पट्टी नाचवत बाहेर आली.

"मामा, हा घ्या तुमचा बिबट्या."

मामा ओशाळले. त्यांनी स्वतःच रडार उचलून बाजरीपलीकडे, उसाच्या कडेला नेऊन बसवलं.

"माझी नात लई हुशार," आबा म्हणाले.

एवढ्यासाठीच तर मोनिका जळत होती, पण आता ते कौतुक घशाखाली उतरेना. "आबा, मला परवाच कळलं होतं. जास्मिनची फजिती व्हावी म्हणून बोलले न्हाई."

जास्मिननं पट्टी मोनिकाच्या हातातून काढून घेतली. "पुढच्या वेळी लगेच बोल. मी दोन दिवस जेवले न्हाई नीट."

आबांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार म्हणालो ते मागं घेतो. पर आज खरं बोललीस, ते लई मोठं काम केलंस."

त्या रात्री आबा घरातच झोपले.