बनुबाईच्या फाटकावरची हाक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे खोटं नाही.

हे मला माझ्या येसूमावशीने सांगितलं. भाजी खारट झाली तरी ती 'मीठ जरा पुढं गेलंय' एवढंच म्हणायची. वाढवून सांगणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

साल १९६६. दिवाळी नुकतीच झाली होती. सातारा, सदर बझार.

तेव्हा तो भाग अगदी शांत. बंगले, मेंदीची कुंपणं, चिंचेची नि बुचाची उंच झाडं. दिवस मावळला की रस्त्यावर पाखरांशिवाय आवाज नसायचा.

मावशीचे यजमान, धनाजीकाका, बांधकाम खात्यात होते. मेढ्याहून बदली झाली, आणि बनुबाईच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने मिळाल्या. बनुबाई सुभेदाराची विधवा. एकटीच राहायची. झाडी आहे, शांतता आहे, घरमालकीण पाण्यावरून भांडत नाही. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

मावशीचं दुःख वेगळंच होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. औंधच्या यमाईला नवस बोलून झाले. सासू आधी टोमणे मारायची, मग तिने तेही सोडून दिलं. ते सोडलं, हे मावशीला जास्त लागलं.

आल्या दिवशीच बनुबाईने बजावलं.

"एक सांगते बाळ. दिवेलागणीला फाटकावनं हाक आली, तर ओ द्यायची न्हाई. काय बी झालं तरी."

मावशीला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे सगळेच तसं सांगतात. कातरवेळी बाहेरून एकच हाक आली, तर गप्प राहायचं. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल.

दुसरं काही असेल… तर ते एकदाच मारतं.

थोडे दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी मावशी तुळशीपाशी दिवा लावत होती.

पाखरं एकदम गप्प झाली…

फाटकाची कडी वाजली…

"आये…"

पोरीचा आवाज. दमलेला. लांबून चालत आल्यासारखा.

एकदाच.

मावशी घाबरून पुढे आली. फाटक बंद होतं. रस्ता रिकामा. पुढच्या व्हरांड्यात बनुबाई बसली होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला, आणि डोळ्यांतून धारा.

मग रोजच तसं. काकांना काही ऐकू यायचं नाही. "कान वाजतात तुझे," म्हणून ते मोकळे व्हायचे.

शेवटी मावशीने बनुबाईलाच विचारलं.

"माझी चंद्रा ती," बनुबाई म्हणाली. "फलटणकडं दिली हुती. तापानं फणफणलेली, सासरी कुणी बघंना, म्हणून न सांगता निघून आली. फाटकातनं हाक मारली. मला वाटलं, चंद्रा तर सासरी हाय, मग ही कोण? दुसऱ्या हाकंची वाट बघत बसले."

"मग?"

"दुसरी हाक मारायची ताकदच न्हवती गं तिच्यात. सकाळी फाटक उघडलं, तर…"

बनुबाईने पदर तोंडाला लावला. मावशीही रडली.

"आवं, मग आता तरी ओ द्या की."

"न्हाई. ओ दिली की ती मोकळी व्हईल. पुन्ना येणार न्हाई. आता निदान आवाज तरी ऐकू येतोय."

एकदा बनुबाई यमाईच्या दर्शनाला औंधला गेली होती. गाडीला उशीर झाला. दिवेलागण झाली. मावशी एकटी होती.

"आये…"

जन्मात मावशीला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. कळायच्या आत तिच्या तोंडून गेलं,

"ओ गं बाळ, आले."

धावत जाऊन तिने फाटक उघडलं. कुणीच नव्हतं. फक्त कडी हलत होती… आणि तिच्या अंगाला घासून कुणीतरी आत गेलं.

दुसऱ्या दिवशी बनुबाई व्हरांड्यात बसली. फाटकावर हाक आलीच नाही.

हाक आली ती मावशीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. ती मावशीलाच ऐकू आली.

बनुबाईचं जेवण तुटलं. एक दिवस तिने मावशीकडे नुसतं पाहिलं, आणि मावशीने खरं ते सांगून टाकलं. बनुबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आता ती तुला आये म्हणती व्हय?"

पुढे काकांची बदली सांगलीला झाली. विश्रामबागेत घर घेतलं, तेही भाड्याचंच. तिथेही झाडं, तिथेही शांतता.

हाक सोबत आली.

"खोटं कशाला बोलू," मावशी मला म्हणाली, "मी सुखात हुते. सगळी कामं उरकून सांजंची वाट बघायचे."

आणि एका दुपारी बनुबाई दारात उभी. वाळून काटकी झालेली.

"एकदा बसू दे तुझ्या उंबऱ्याशी. मग जाते."

दोघी बसल्या. ऊन उतरलं. पाखरं गप्प झाली…

"आये…"

बनुबाईला काही ऐकू आलं नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली. ओ मावशीच्या ओठांवर आली होती. तिने ती गिळली. बनुबाईचा हात घट्ट दाबला.

"आली. तुमी ओ द्या."

बनुबाई उठून उभी राहिली.

"आले गं चंद्रे. ये, दार उघडंच हाय."

थोड्या वेळाने पाखरं पुन्हा बोलायला लागली.

त्यानंतर हाक कधीच आली नाही. ना तिला, ना हिला. बनुबाई साताऱ्याला परतली, आणि थोड्याच दिवसांत ती गेल्याचं कळलं. मावशीला मूल झालं नाहीच.

मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू का नाही दिलीस ओ? तुझीच झाली होती की ती."

मावशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पोर तिची. मी आपली भाडेकरू."

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. आजही कातरवेळी बाहेरून हाक आली तर मी दुसऱ्या हाकेची वाट बघत नाही.